वाळूतलं जुनं गाव

अक्का,

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्याच दिवशी तुमची शोकसभा झाली. मुख्याध्यापकांनी तुमचा जन्म, शिक्षण, नोकरीची वर्षं, कुठून कुठं बदली झाली, सगळं वाचून दाखवलं. माहिती बरोबर होती. तरी ऐकताना मला वाटत राहिलं, हे दुसऱ्याच कुणा बाईंबद्दल चाललंय. खडूनं पांढरी झालेली तुमच्या चष्म्याची दांडी त्यात नव्हती. चहा जास्त गोड झाला की काही न बोलता कप माझ्याकडं सरकवायची तुमची सवय त्यात नव्हती. मग मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही दोन शब्द बोला." मी उभी राहिले, "अक्कांनी मला..." एवढंच म्हणाले आणि बसले. पोरांना वाटलं मला रडू आलं. रडू आलं नव्हतं. वाक्याचं क्रियापद सापडेना. शिकवलं म्हणावं, सांभाळलं म्हणावं, की चार वर्षं माझ्याशी वाद घातला म्हणावं?

तिथं बोलता आलं नाही, म्हणून आता तुमच्याशीच बोलतेय.

मी तुळजापूरची. आमच्या घरात सगळे मास्तर नाहीतर कारकून. लोहारा तालुक्यातल्या ह्या शाळेत विज्ञान शिकवायला आले तेव्हा हे भूकंपातून पुन्हा बांधलेलं गाव आहे, एवढंच मला माहीत होतं. त्र्याण्णव साली भूकंप झाला तेव्हा मी आईच्या मांडीवर होते. इथले सरळ आखलेले रस्ते, एकसारखी घरं, घरापुढं मोकळी जागा बघून पहिल्याच दिवशी मी तुम्हाला म्हणाले, "किती नीटनेटकं गाव आहे हे." तुम्ही म्हणालात, "व्हय. पट्टीनं आखलंय." त्यात टोमणा होता की नव्हता, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

भूगोल तुमचा, विज्ञान आणि संगणकाची खोली माझी. आपली खरी ओळख झाली ती समोच्च रेषांमुळं. नववीच्या वर्गात तुम्ही बादलीत मातीचं मोठं ढेकूळ ठेवलं होतं. पाणी थोडं थोडं वाढवायचं, पाण्याची कड जिथं येईल तिथं खिळ्यानं कोरायचं, पुन्हा पाणी वाढवायचं. पुढच्या दोन बाकांना दिसत होतं. मागची पोरं खिडकीतून ट्रॅक्टर बघत होती. तास संपवून तुम्ही स्टाफरूममध्ये आलात, ओले हात पदराला पुसलेत आणि म्हणालात, "समान उंचीची ठिकाणं जोडणारी रेषा. सगळ्यांना पाठ आहे. एकालाही दिसत नाही."

मी तेव्हा नुकतीच एका प्रशिक्षणात वाळूची पेटी बघून आले होते. साधी लाकडी पेटी, तिच्यात वाळू. वर एक कॅमेरा आणि एक प्रोजेक्टर. वाळू कुठं उंच, कुठं खोल ते कॅमेरा मोजतो, संगणक त्याचा नकाशा करतो आणि प्रोजेक्टर तो नकाशा त्याच वाळूवर पाडतो. हातानं डोंगर केला की शेंड्यावर तांबडा रंग चढतो, उतारावर पिवळा, खाली हिरवा, खड्ड्यात निळा, आणि सगळ्यावरून समोच्च रेषा फिरतात. डोंगर ढकलला की रेषाही सरकतात. मी हे सगळं हातवारे करत सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "वाळूत खेळायला संगणक कशाला लागतो ग?" आणि पेपर तपासायला घेतलेत.

दुसऱ्या दिवशी तुम्हीच विचारलंत, "पेटी केवढी लागते?"

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीआधीचे ते दिवस मला आता सारखे आठवतात. उमरग्यात एक शिकवणीचा वर्ग बंद पडला होता, तिथला जुना प्रोजेक्टर आपण आणला. कॅमेरा सोलापूरहून, कुणाच्या तरी व्हिडिओ गेमच्या संचातला. पेटी गावातल्या सुतारानं केली. वाळूवरून आपला पहिला वाद झाला. तुमचं म्हणणं, बाहेरची पांढरी वाळू कशाला, आपली काळी माती घालू, पोरांना आपली माती ओळखता येईल. मी सांगितलं, काळ्या मातीवर रंग दिसणार नाहीत. तुम्ही ऐकलं नाहीत. घरून पाटीभर माती चाळून आणलीत, पेटीत पसरलीत आणि मला म्हणालात, "लाव." मी प्रोजेक्टर लावला. तांबडा, हिरवा, निळा, सगळं त्या मातीनं गिळून टाकलं.

"आपल्या मातीवर काहीच उमटत नाही की ग," एवढं म्हणालात आणि स्वतःच्या हातानं माती परत पाटीत भरलीत. मग हातपंपावर बसून माझ्याबरोबर वाळू धुतलीत. तुमची ही गोष्ट मला फार आवडायची. हरलात तरी तोंड कडू व्हायचं नाही.

पेटी माझी असं शाळेत सगळे म्हणायचे. पेपरातल्या बातमीतही माझंच नाव आलं. पण खरं सांगते, पहिल्या तासाला मी फक्त रंग दाखवून थांबले असते. पोरं 'ओहो' म्हणाली असती आणि तास संपला असता. ऋतुजा नावाची एक मुलगी होती, तेव्हा सातवीतली, वर्गात तोंड न उघडणारी. तुम्ही तिला पुढं बोलावून डोंगर करायला लावलंत आणि म्हणालात, "ह्या रेषेवर बोट ठेव. उचलू नको. तिच्यावरनं फिरत जा. चढ लागला का?"

"नाही बाई."

"उतार लागला?"

"नाही."

"मग तू चाललीस कशी?"

ऋतुजा डोंगराला पूर्ण वळसा घालून परत पहिल्या जागी आली. बोट वाळूतच होतं. "सारख्या उंचीवरनं चालले," म्हणाली. तुम्ही चष्मा काढून पुसलात. मशीन मी लावलं होतं, पण प्रश्न तुमच्याकडं होते. मी आजवर तुम्हाला हे सांगितलं नाही. सांगायचं ठरवलं की मध्येच कुणीतरी यायचं, नाहीतर घंटा व्हायची.

त्या पेटीवर पाऊसही पाडता यायचा. पंजा पसरून वाळूवर धरला की हाताखाली निळं पाणी पडायचं आणि उतार शोधत वाहायचं. पाणलोट क्षेत्र हा शब्द त्या वर्षी पोरांनी पाठ केला नाही. हात धरून बघितला.

मग भूकंपाच्या धड्याचा वाद.

शाळेत भिंतीवरचा मोठा टच पॅनल आला होता. त्यावर मी एक पाठ तयार केला. दगडमातीचं घर, विटांचं घर, सिमेंटचे खांब असलेलं घर. पोरांनी धक्का किती मोठा ते बोटानं निवडायचं आणि बटण दाबायचं. जमिनीतून लाटा निघतात, घरं हलतात, कुठलं घर का पडलं ते कळतं. चांगला पाठ होता तो, अक्का. मी त्यासाठी खूप वाचलं होतं. तुम्हाला दाखवायला बोलावलं. तुम्ही दारातूनच बघितलंत आणि म्हणालात, "हे नको."

"का नको?"

"नको म्हणलं की नको."

तुमची आई आणि धाकटा भाऊ भूकंपात गेल्याचं मला इथं आल्यावर पहिल्याच महिन्यात स्टाफरूममध्ये कुणीतरी सांगितलं होतं, अर्ध्या वाक्यात, तुम्ही येताय का ते बघत. तुम्ही दरवर्षी तो धडा मला द्यायचात. "विज्ञानातही येतोच की, तूच घे," म्हणायचात आणि त्या तासाला मैदानात जाऊन पाचवीची कवायत घ्यायचात. मला हे सगळं कळत होतं. तरी त्या दिवशी मी हट्टाला पेटले. म्हणाले, "अक्का, ह्या गावातल्या पोरांनी भूकंप शिकायचा नाही तर कुणी शिकायचा? ह्यांच्या आजोबांच्या घरांचीच गोष्ट आहे ही."

"शिकू देत की. बटणानं नको. बटण दाबलं की पोरं हसतात, आणि परत दाबा म्हणतात."

"हसली तर काय झालं? त्यांना भीती वाटत नाही म्हणून हसतात. ते चांगलंच आहे ना?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. रागानं नाही. "हां," म्हणालात, "तेही खरंच आहे तुझं." आणि निघून गेलात. पाठ तसाच राहिला. मी तो लावला नाही, तुम्ही लावू नको म्हणून पुन्हा सांगितलं नाहीत. आपल्यातला तो वाद कुणीच जिंकला नाही आणि कुणी मिटवलाही नाही. मी मनात धरून होते की एक दिवस तुम्हीच येऊन म्हणाल, चल, दाखव पोरांना.

पुढचं सगळं मी एका सकाळी शाळेत लवकर आले म्हणून घडलं. प्रोजेक्टरचा कोन बिघडला होता, तो परिपाठाच्या आधी नीट करायचा होता. खोलीचं दार उघडंच होतं. पेटी चालू होती, आणि तुम्ही पदर खोचून वाळूत दोन्ही हात घालून उभ्या होतात. मशीन तुम्ही एकट्या चालू करू शकता हेही मला माहीत नव्हतं. वाळूत धड्यातलं काही दिसत नव्हतं. एक लांब, सावकाश उतरत जाणारी जमीन होती. तिच्या कडेनं ओढा, त्याला एक मोठं वळण. वळणाच्या अंगाला उंचवटा, त्यावर तांबडा रंग चढला होता.

"काय करताय अक्का?"

"काही नाही. ओढा कसा होता ते बघत होते." मग म्हणालात, "ही गढी. हिकडनं पेठ निघायची. हितं मारुती."

भूकंपात पडलेलं जुनं गाव होतं ते. आता तिथं बाभळी माजल्यात, दगडांचे ढीग आहेत, म्हशी चरतात. मी रोज स्कूटीवरून त्याच्या बाजूनं येते. ते जुनं गाव उताराला वसलं होतं हे मला त्या सकाळपर्यंत कधी दिसलंच नव्हतं. तुम्ही वाळू बोटानं कोरत होता आणि रेषा तुमच्या मनगटावर चढत होत्या. परिपाठाची घंटा झाली. तुम्ही दोन्ही तळव्यांनी सगळं सपाट केलंत आणि प्रार्थनेला गेलात.

त्यानंतरच्या एका शनिवारी, अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर, तुम्ही माणसं घेऊन आलात. तुमच्या शेजारच्या गोदाकाकू, काठी टेकत म्हातारे तात्या आणि जुन्या गावातल्या आणखी दोघीतिघी. चपला बाहेर काढून, देवळात यावं तशा बायका आत आल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "हे काय चाललंय?" तुम्ही म्हणालात, "स्थानिक भूगोल." तुमच्यापुढं ते फारसं बोलायचे नाहीतच.

गोदाकाकूंनी पहिल्यांदा वाळूत हात घातला आणि झटकन मागं घेतला. "हातावर काय चढलंय ग हे?"

"उजेड आहे काकू. पुसून जातोय," तुम्ही म्हणालात.

मग सगळ्यांचे हात आत गेले. तात्या म्हणाले पेठ एवढी रुंद नव्हती. गोदाकाकू म्हणाल्या, "तुमची बैलगाडी अडायची म्हणून तुम्हाला अरुंद वाटायची." हसणं झालं. धुण्याची जागा ओढ्याच्या वळणाच्या वर की खाली, ह्यावर दोघांचं जुंपलं. तुम्ही दोघांचं ऐकून घेतलंत आणि बोटानं एक खूण केलीत. "हितं. कारण तिथं खडक उघडा होता." ते बरोबर असणार हे सगळ्यांना माहीत होतं. गल्ल्या झाल्या, दगडी घरं म्हणून खडे ठेवले, आड झाला. वळणाजवळची एक पट्टी मात्र तशीच सपाट राहिली.

"तुमचं घर ऱ्हायलं की, अक्का," गोदाकाकू म्हणाल्या.

"ऱ्हाऊ दे. वाळू कमी पडली."

वाळू कमी पडली नव्हती. माझ्यासमोर कोपऱ्यात ढीग होता. मी तुमच्याकडं बघितलं, आणि मग कॅमेऱ्याची वायर ढिली झालीय का ते बघायला वळले. तेव्हा विचारायला हवं होतं. निदान संध्याकाळी, निदान दुसऱ्या दिवशी. मला वाटलं, विचारलं तर तुम्हाला त्रास होईल. आणि खरं म्हणजे, उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती.

शेवटी तात्यांनी पंजा गावावर धरला. निळं पाणी गढीवरून उतरलं, पेठेतून वाहत आलं, दोन गल्ल्यांतून फुटून वळणाजवळ ओढ्याला मिळालं. "असंच जायचं," ते म्हणाले. "आमच्या दारावरनं असंच जायचं." बराच वेळ त्यांनी हात खाली घेतला नाही, आणि तोवर त्या गावात पाऊस पडत राहिला.

माणसं गेल्यावर मी म्हणाले, हे मोडायचं नाही. वर प्लॅस्टिक घालू, सोमवारपर्यंत मी फोटो काढते. उंचीचा सगळा हिशेब संगणकात साठवून ठेवायची सोय आहे, मला ती नीट येत नाही, पण मी शिकते. तुम्ही ऐकत होता आणि खडे वेचत होता. मग गावावर तळवे ठेवलेत आणि पसरवून टाकलंत.

"अक्का!"

"सोमवारी पहिल्याच तासाला सातवी आहे. त्यांना नदीचं खोरं करायचंय."

"एक फोटो तरी काढू द्यायचा."

"फोटो कशाला? परत करू की. माणसं आहेत अजून."

मला तुमचा राग आला होता. रविवारी दिवसभर होता. मला वाटत होतं की मी गावासाठी काहीतरी जपायला निघालेय आणि तुम्ही मला जपू देत नाही. आज उलट वाटतं. ते हातांनी पुन्हा पुन्हा करण्यासाठीच होतं, आणि तुम्हाला ते माहीत होतं. पण मग, अक्का, तुमच्यावरचा राग अजून पूर्ण गेलाय असंही नाही. माणसं आहेत अजून, हे तुम्ही स्वतःलाही धरून म्हणाला होता.

सुट्टी लागली त्या दिवशी आपण फाट्यावर उभ्या होतो. मी तुळजापूरच्या गाडीची वाट बघत होते आणि तुम्ही मला सोडायला आला होता, काही कारण नसताना. मी सांगत होते की सुट्टीत ती साठवायची सोय शिकून घेते. तुम्ही म्हणालात, "सुट्टीत आईपाशी बस. मशीन कुठं जात नाही." मग गाडी दिसली तेव्हा म्हणालात, "शाळा उघडल्यावर एकदा घरी ये. सावकाश ये, घाईत नको."

"येते की," मी म्हणाले. खिडकीतून हातही केला नाही नीट, जागा पकडायची होती.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. तुमच्या छातीत कळ आली, उमरग्याला नेईपर्यंत संपलं होतं. मी पोहोचले तेव्हा तुम्हाला नेलेलं होतं. तुमचा मुलगा पुण्याहून आला होता, तो ओट्यावर बसला होता. मला म्हणाला, "आई तुमच्याबद्दल सारखं बोलायची." काय बोलायची ते मी त्यालाही विचारलं नाही. त्या वेळी कुणाला विचारतात असं?

आता शाळेतलं सांगते.

या वर्षी भूकंपाचा धडा सुट्टीनंतर आला. मी ठरवलं होतं की पुस्तकातून वाचून घ्यायचा आणि संपवायचा. पण त्याच दिवशी गोदाकाकू शाळेच्या फाटकात आल्या. "परत करू म्हनली व्हती ना ती? मग करू की," म्हणाल्या. त्यांच्याबरोबर तात्या होते. नववीचाच तास होता, मी त्यांना वर्गात घेतलं. पोरं कडेनं उभी राहिली.

ते गाव नीट झालं नाही, अक्का. पेठ सरळ झाली की वाकडी, ह्यावर एकमत होईना. धुण्याची जागा वळणाच्या वर असं गोदाकाकू म्हणाल्या, तात्या खाली म्हणाले, मग दोघांनी माझ्याकडं बघितलं. तुम्ही बोट ठेवलंत तेव्हा मी तिथंच होते. खडक उघडा होता, हे तुमचं वाक्य मला आठवत होतं. पण ते बोट वळणाच्या वर होतं की खाली, ते काही केल्या आठवेना. मी म्हणाले, "मला माहीत नाही." गोदाकाकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मग," आणि दोन्हीकडं एकेक खडा ठेवला.

ऋतुजानं विचारलं, "मॅडम, ह्यातलं खरं कुठलं?"

मी म्हणाले, "ज्यांना माहीत होतं त्यांना आपण विचारून ठेवलं नाही."

मग तिनंच भिंतीवरच्या पॅनलकडं बघून विचारलं, "भूकंप दाखवणार का?" पाठाचं चित्र तिथं कोपऱ्यात दिसत होतं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोच गोदाकाकू म्हणाल्या, "दावा की. आमालाबी बघू द्या."

मी लावला. बटण मी दाबलं नाही, त्यांनी दाबलं. घरं हलली, दगडमातीचं घर खाली आलं. पोरं हसली नाहीत. कदाचित म्हातारी माणसं समोर होती म्हणून. गोदाकाकू पॅनलच्या अगदी जवळ गेल्या, कान लावल्यासारखं केलं आणि मला म्हणाल्या, "ह्याला आवाज न्हाय व्हय?"

"नाही."

"आदी आवाज आला व्हता. गाडीभर दगूड कुणी अंगावर ओतावं तसा. मग हाललं." त्या मागं येऊन स्टुलावर बसल्या. "हे बरं हाय. पन आवाजाबिगर पोरास्नी काय कळायचं?"

एवढ्या वर्षांत मी लाटा, वेग, भिंतींची जाडी सगळं घातलं होतं. आवाज घालायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तुम्ही दारातून बघून "हे नको" म्हणालात तेव्हा तुम्हाला हेच म्हणायचं होतं का? की तुम्हाला त्या नसलेल्या आवाजातही तो ऐकू आला होता? एक प्रश्न मी विचारला असता तर आपला वाद कुठल्या तरी टोकाला गेला असता. तुम्ही म्हणाला असतात तर मी पाठ पुसूनही टाकला असता. किंवा आपण दोघींनी बसून तो पुन्हा केला असता, आणि तो माझ्या एकटीच्या पाठापेक्षा खूप चांगला झाला असता.

तास संपला. पोरं गेली. तात्यांना त्यांचा नातू घेऊन गेला. गोदाकाकू मात्र पेटीपाशी बसून होत्या. वळणाजवळची ती पट्टी याही वेळी सपाटच होती, तिच्यावर त्यांनी हात ठेवला होता.

"काकू," मी म्हणाले, "मी अक्कांना हे कधी विचारलंच नाही. घराबद्दल."

"म्हाईत हाय मला. ती सांगायची." त्यांनी माझ्याकडं न बघताच सांगितलं, "आदी म्हनायची, ती पोरगी इचारत न्हाय म्हनून बरं हाय, न्हायतर मला शाळंत जाववलं नसतं. मग ह्या पेटीत गाव केलं, तवापासनं बदलली. म्हनाली, गोदे, ती एक दिवस इचारंल आता. इचारलं तर कुठनं सुरू करायचं ते म्या ठरवून ठिवलंय."

"कुठून?"

"मुरमुऱ्यापासनं. आदल्या दिशी गनपतीची मिरवनूक व्हती. तिच्या भावानं सदऱ्याच्या घोळात मुरमुरे भरून आनले व्हते, घरभर सांडले. आय वरडत व्हती, आन ही झाडत व्हती. तिथनं सुरू करनार म्हनाली."

"आणि पुढं?"

"पुढचं मला कुठं सांगितलं? माझ्याम्होरं तिनं कवाच काढलं न्हाय ते. मीबी त्यातलीच, मला काय सांगायचं? पुढचं तुमच्यासाठी ठिवलं व्हतं."

मी त्यांना तुमच्या भावाचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. लहान, साधं नाव आहे. घरी जाताना मी ते दोनतीनदा तोंडानं म्हणून बघितलं, अक्का, पण ते तुम्ही म्हणताना कसं ऐकू आलं असतं, ते मला आता कळणार नाही.